उद्याच्या जगातले मांचू आणि सुप्याचे मोहिते

मोरगावच्या मयूरेश्वराचं दर्शन घेऊन सुप्याच्या रस्त्याला लागलं की ऊस मागे पडतो आणि खुरट्या गवताचा माळ सुरू होतो. नशिबात असेल तर चिंकारा दिसतात; मयूरेश्वर अभयारण्य त्यांच्यासाठीच राखलेलं आहे. बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला कारखाने, कालवे आणि राजकारण आठवतं. हा कोरडा, जिरायती पट्टाही त्याच तालुक्यातला. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीनं नाव येतं ते या सुपे परगण्याचं.

सुप्याचा कारभार शहाजीराजांच्या वतीनं संभाजी मोहिते पाहत. ते तुकाबाईंचे भाऊ, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. 1656 साली महाराजांनी सुपे ताब्यात घेतलं आणि मामांना कर्नाटकात शहाजीराजांकडे पाठवून दिलं. तुकाबाईंचे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी. सुपे मोहित्यांच्या हातून गेल्यानंतर वीसेक वर्षांत या भाच्यानं कावेरीकाठचं तंजावर मिळवलं. भोसल्यांची ती गादी 1855 पर्यंत टिकली. राज्य गेलं, पण घरात मराठी बोलणारी कुटुंबं तंजावरात आणि तमिळनाडूतल्या इतर शहरांत आजही आहेत.

सुप्याची ही गोष्ट मला आठवते ती एका विज्ञानकथेच्या प्रश्नावरून. समजा, कादंबरी 2600 सालात घडते. माणूस मंगळावर आणि त्याच्या पलीकडे वसला आहे. जुनी राष्ट्रं विरली आहेत, भाषा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. अशा जगातली यानाची एक कप्तान आपली ओळख सांगते : मी मांचू आहे. यावर वाचकानं विश्वास ठेवावा का? पृथ्वीवरच आज चीनमधली मांचू भाषा जवळजवळ संपली आहे. मग सहाशे वर्षांनी मांचू कुठून येणार?

प्रश्न रास्त वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे : भाषा गेली की माणसांचा समूह संपतो. आपण मराठी माणसं तर हे सहज मान्य करतो, कारण आपली ओळखच भाषेवर उभी आहे असं आपल्याला वाटतं. मांचूंचा इतिहास हे गृहीतक मोडून काढतो, म्हणून तो थोडा सावकाश पाहायला हवा.

मुळात मांचू हे नावच ठरवून दिलेलं आहे. चीनच्या ईशान्येला जुर्चेन नावाच्या टोळ्या होत्या. नुरहाचीनं सतराव्या शतकाच्या आरंभी त्या एकत्र बांधल्या आणि 1615 च्या सुमारास लोकांची आठ पताकांत विभागणी पुरी केली. ही पताका म्हणजे नुसतं लढाईचं निशाण नव्हे. सैनिक, त्याची बायकामुलं, त्याचे नोकर, सगळ्यांची नावं त्या पताकेच्या नोंदीत असत. नुरहाचीचा मुलगा होंग ताईजी यानं 1635 मध्ये फर्मान काढलं, की यापुढे आपल्याला जुर्चेन म्हणायचं नाही, मांचू म्हणायचं. पुढच्या वर्षी त्यानं राजवटीचं नाव छिंग असं जाहीर केलं आणि 1644 मध्ये ही मंडळी बीजिंगच्या तख्तावर बसली. एखाद्या समाजाच्या नावाची जन्मतारीख इतकी नेमकी क्वचितच सापडते.

आठ पताकांत मांचूंखेरीज मंगोल होते आणि हान चिनी घराणीही होती. रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा प्रश्न असे तो, हा माणूस पताकेतला की बाहेरचा? पताकेतल्याला सरकारातून चांदी आणि धान्य मिळे. त्यानं व्यापार किंवा मजुरी करायची नाही, तैनातीत राहायचं. आपल्याकडच्या मराठा शिलेदाराशी तुलना केली की फरक लक्षात येतो. आपला शिलेदार दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघे आणि पावसाळ्याआधी गावी परते. त्याचं वतन, शेत, गावकीतला मान, सगळं मातीत रुतलेलं होतं. मांचू शिपायाचं सर्वस्व मात्र एका नोंदवहीत होतं. नाव वहीत असेल तोवर घरात तांदूळ.

ती वही 1912 साली फाटली. छिंग राजवट संपली, तनखे आटत गेले, आणि हातात कुठलाही धंदा नसलेली हजारो कुटुंबं बीजिंगच्या गल्ल्यांत उघडी पडली. काही ठिकाणी क्रांतीच्या दिवसांत मांचूंच्या कत्तली झाल्या होत्या, त्यामुळे ओळख लपवणं शहाणपणाचं ठरलं. लाओ श हे थोर चिनी कादंबरीकार याच समाजातले. त्यांचे वडील पताकेतले शिपाई. 1900 साली परकीय फौजांशी लढताना बीजिंगमध्ये मारले गेले, तेव्हा मुलगा दोन वर्षांचाही नव्हता. लाओ श यांनी रिक्षा ओढणाऱ्या माणसावर जगभर गाजलेली कादंबरी लिहिली, ती अस्सल बीजिंगी चिनी भाषेत. पताकेच्या छायेतल्या आपल्या बालपणावरची कादंबरी त्यांनी उतारवयात हाती घेतली आणि ती अपुरी राहिली. राजघराण्याचं कुळनाव होतं ऐसिन ग्योरो. ऐसिन म्हणजे सोनं. त्यातल्या अनेकांनी चिन असं चिनी आडनाव घेतलं. चिन म्हणजेही सोनं. नाव बदललं, अर्थ आत दडवून ठेवला. मला हा तपशील फार हलवून जातो. स्वतःच्या घरावर पहारा असताना माणसं किती थोडक्यात स्वतःला वाचवून ठेवतात!

यानंतर जे घडलं ते कुठल्याही कल्पित भविष्यकथेत आलं असतं तर संपादकानं अविश्वसनीय म्हणून परत पाठवलं असतं. 1982 च्या चिनी जनगणनेत मांचूंची संख्या सुमारे 43 लाख होती. 1990 मध्ये ती 98 लाखांवर गेली. आठ वर्षांत दुपटीहून जास्त. इतकी बाळं जन्मली नव्हती. लोकांनी आपली नोंद बदलून घेतली होती. आता मांचू म्हणवून घेण्यात धोका उरला नव्हता. उलट अल्पसंख्य समाजांना महाविद्यालयीन प्रवेशात काही गुण मिळत, अपत्यांच्या मर्यादेत सवलत मिळे. 1985 पासून मांचू स्वायत्त तालुके स्थापन होऊ लागले. आजोबांनी लपवलेलं नाव नातवांनी अर्ज भरून परत मिळवलं. 2000 साली आकडा एक कोटीच्या पुढे गेला. त्याच काळात मांचू ही मायबोली म्हणून बोलणारे म्हातारे हैलोंगजियांग प्रांतातल्या सानजियाझीसारख्या गावात बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

हे सगळे लोक सवलतीसाठी खोटं बोलले, असं म्हणणं अन्याय्य आहे. ज्यांच्या पूर्वजांनी भीतीनं नोंद बदलली त्यांच्या वंशजांनी निर्भयपणे ती पुन्हा बदलली, तर त्यात खोटं काय? पण नोंदीला कारण लागतं, हेही तितकंच खरं.

हा भाग मराठी वाचकाला परका वाटणार नाही. मराठा आरक्षणाच्या मागणीनंतर सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतली, भूमी अभिलेखांतली जुनी दप्तरं सोडली गेली. कागद सापडले, पण ते मोडीत! शाळांमधून मोडी हद्दपार होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. एरवी इतिहास संशोधकांपुरते उरलेले मोडी वाचक एकाएकी गावोगावी हवेसे झाले. बीजिंगच्या अभिलेखागारात मांचू लिपीतले लाखो कागद आहेत आणि ते वाचणारी माणसं थोडी. दोन्हीकडे तीच अवस्था : आपण कोण, हे ज्या अक्षरांत लिहिलंय ती अक्षरं आपल्यालाच येत नाहीत.

बारामतीनं तर एका अक्षरासाठी झालेलं आंदोलन पाहिलं आहे. जुलै 2014 मध्ये धनगर समाजाचे लोक राज्यभरातून बारामतीत जमले. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रासाठी 36 व्या क्रमांकावर ओरान या जमातीच्या जोडीला धनगड असा शब्द आहे. आंदोलकांचं म्हणणं होतं, की धनगड म्हणजे धनगरच. इंग्रजीत लिहिताना र चा ड झाला. मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2024 मध्ये हा दावा मान्य केला नाही. दाव्याच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच, की बारामती-इंदापूरच्या माळांवरून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघणाऱ्या, वाडा पाठीवर घेऊन फिरणाऱ्या समाजाला स्वतः कोण आहोत याबद्दल कधीच शंका नव्हती. बिरोबाच्या पुढे सुंबरान मांडलं की कुळाची कथा ओवीतून उलगडते. ती ओवी पाठ असणाऱ्याला कागद लागत नाही. शासनाला लागतो.

मांचूंकडेही ओवीसारखं काही होतं. घराघरातले शमन कुळदेवतांना आवाहन करत. छ्यानलोंग बादशहानं 1747 मध्ये या विधींचा ग्रंथच तयार करवून घेतला, कारण मंत्र विसरले जाताहेत अशी त्याला धास्ती होती. काही कुळांत हे मंत्र चिनी अक्षरांत उच्चार लिहून जपले गेले. म्हणणाऱ्याला अर्थ कळत नाही, तरी स्वर चुकू द्यायचा नाही. संस्कृत न येणाऱ्या घरात रामरक्षा पाठ असते, तसंच.

आता माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विलक्षण धागा. पानिपतानंतर तीन वर्षांनी, 1764 साली, छ्यानलोंगनं ईशान्येतल्या मुकदेनच्या भागातले सुमारे एक हजार शिबे सैनिक बायकामुलांसह चीनच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या शिनज्यांगमधल्या इली खोऱ्यात पाठवले. पश्चिमेची सरहद्द राखायला. वाटेत वर्षाहून अधिक काळ गेला. त्या वर्षी बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं राहिलेले कवी मोरोपंत पस्तीस वर्षांचे होते. शिबे हे मूळचे वेगळे लोक, पण पताकांत सामील झालेले आणि मांचूच्याच जवळची बोली बोलणारे. मायदेशी राहिलेल्या मांचूंची भाषा चिनीत विरघळली. दूरच्या छावणीत, कझाक आणि उइघूर शेजाऱ्यांत एकटे पडलेल्या या शिपायांच्या वंशजांनी मात्र ती राखली. छापछाल भागात शिबे भाषा आजही बोलली जाते, तिची लिपी मांचू लिपीचीच लेक. प्रस्थानाचा दिवस ते दरवर्षी सण म्हणून पाळतात.

पण जनगणनेत त्यांची नोंद मांचू अशी नाही. शिबे ही वेगळी जमात. म्हणजे ज्यांची नोंद मांचू आहे त्यांना भाषा येत नाही, आणि ज्यांना भाषा येते त्यांची नोंद वेगळ्याच नावाखाली!

सुपे आणि तंजावर यांच्याकडे आता पुन्हा पाहू. शिबे इलीला गेले तसे एकोजीराजांचे लोक कावेरीकाठी गेले. तिथे त्यांच्याभोवती तमिळ होती, दरबारात तेलुगू होती, आणि मराठी हीच आपली निराळी खूण आहे हे त्यांना रोज जाणवत होतं. सांगलीला 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं, ही मराठी नाटकाची सुरुवात म्हणून आपण शाळेत शिकतो. पण एकोजींचे पुत्र शाहराजे त्याच्या सव्वाशे वर्षांहून आधी तंजावरात मराठी नाटकं लिहीत होते. दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो अतिविस्तृत शिलालेख तिथे आहे. पुण्यात किंवा बारामतीत अशी गरज कुणाला पडली नसती. आपल्यात आपण असताना आपण कोण हे दगडावर लिहायचं कशाला?

भविष्यकथा लिहिणाऱ्याला इथे पहिला धडा मिळतो. अस्खलित मांचू बोलणारी कप्तान हवी असेल, तर तिला बीजिंगची वंशज करू नये. तिचे पूर्वज कुठल्यातरी दूरच्या, एकाकी तळावर पाठवलेले शिपाई असायला हवेत. मंगळ हा असा तळ होऊ शकतो. आणि ती स्वतःला मांचू म्हणणार नाही, अशीच शक्यता जास्त.

भाषा हरवलेली, तरी मांचू म्हणवून घेणारी कप्तान लिहिणं उलट सोपं आहे. तिला एक आडनाव पुरेल. आडनावाची ताकद आपल्याला नव्यानं सांगायला नको. बाबूजी नाईक जोशी इतिहासात बारामतीकर म्हणून राहिले. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, म्हणजेच शनिवारतेली, इस्राएलला गेले, तिथे हिब्रू शिकले, आणि पेणकर, राजपूरकर अशी गावांची नावं बरोबर घेऊन गेले. 2600 सालात एखाद्या कक्षास्थानकावर कुणी इंदापूरकर सापडली, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. तिनं भीमा पाहिलेली नसेल, इंदापूर हे गाव आहे की पदवी, हेही तिला ठाऊक नसेल. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांच्या घरात आज क्रिओल बोलली जाते, तरी गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी हा समाज म्हणून वेगळा ओळखला जातो. भाषा पातळ झाली, गणपती राहिला.

जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांचे पानिपत ही कथा मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. ती भविष्याची नाही, पर्यायी भूतकाळाची : पानिपत मराठ्यांनी जिंकलं असतं तर? त्या कथेत आपण दुसऱ्या जगात जाऊन आलो याचा गंगाधरपंतांकडे उरतो तो पुरावा म्हणजे खिशात राहिलेलं बखरीचं फाटकं पान. कथेला सिद्धान्ताचा आधार पुंजभौतिकीचा, पण वाचकाचा विश्वास बसतो तो त्या कागदावर. भविष्यातल्या मांचूंसाठीही असा कागद शोधावा लागेल.

नवी ओळख नोंदीतून कशी तयार होते, हे पाहायला इंदापूर तालुक्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. भीमेवरचं उजनी धरण 1980 च्या सुमारास पुरं झालं आणि पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. गाव उठून सोलापूर रस्त्याकडे नव्यानं वसलं, नाव तेच ठेवलं. जुनं पळसनाथाचं मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जलाशयातून वर येतं आणि लोक पाहायला जातात. या गावांतल्या माणसांना एक नवा शब्द चिकटला : धरणग्रस्त. त्याचा दाखला मिळतो, त्यावर सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. जुनं पळसदेव कधी न पाहिलेली, धरणानंतर जन्मलेली मुलंही त्या दाखल्याच्या आधारानं अर्ज भरतात. ही ओळख धर्मातून आली नाही, भाषेतून नाही, जातीतून नाही. पाण्यातून आली, आणि वारशानं पुढच्या पिढीकडे चालली आहे. होंग ताईजीच्या फर्मानापेक्षा तिचा जन्म काही कमी नेमका नाही.

म्हणून 2600 सालातल्या मांचूंची शक्यता तपासताना मी त्यांच्या रक्ताचा विचार करणार नाही, भाषेचाही पहिल्यांदा करणार नाही. मी विचारीन : त्या जगात कशाची टंचाई आहे, आणि तिचं वाटप कोणत्या वहीतून होतं? मंगळावर हवा मोजून मिळेल, पाणी मोजून मिळेल. पहिल्या पिढीत जे पाणी राखण्याच्या कामावर नेमले गेले, त्यांची यादी केली जाईल. त्या यादीला काहीतरी नाव द्यावं लागेल. कुणा अधिकाऱ्याला जुन्या इतिहासातलं एखादं नाव सुचेल. शंभर वर्षांनी ती यादी म्हणजे एक कुळ असेल, दोनशे वर्षांनी त्यांची लग्नं आपसात ठरत असतील, आणि तीनशे वर्षांनी त्यांचा एखादा इतिहासकार ठासून सांगत असेल, की आम्ही पृथ्वीवरच्या ईशान्य चीनमधून आलो. त्यांच्यात एकही मांचू पूर्वज नसला, तरी नुरहाचीच्या पताकांतही सगळे कुठे जुर्चेन होते?

हे मला कल्पनेनं सुचलेलं नाही. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात आला आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंतची जमीन दोन जातींत वाटली गेली : बागायती आणि जिरायती. सोयरीक जुळवताना आजही मुलाकडे पाटाचं पाणी आहे का, हे आधी विचारतात. कालव्याच्या वरच्या अंगाचे शेतकरी वेगळे, टेलचे वेगळे. आवर्तन सुटण्याच्या सुमारास टेलच्या गावांतून एकमेकांना फोन जातात, यंदा पाळी कुठवर पोचली? पाणी हवं असेल तर पाटबंधारे खात्याकडे सात नंबरचा अर्ज भरावा लागतो. त्यावर नाव, गाव, गट नंबर, पीक आणि क्षेत्र. मंगळावरच्या त्या अर्जात आणखी एक रकाना असेल, आणि आपली कप्तान, आईनं भरला होता तसाच, तो भरेल : मांचू.